सिग्नलला इंजिन आपोआप बंद: इंधन खरंच वाचतं का?

पहिला_गिअर
मंडळी, गाडी बदलली. आधीची मॅन्युअल होती, आताची ऑटोमॅटिक आणि पेट्रोल. सिग्नलला ब्रेक दाबून थांबलं की काटा सरकून 'ऑटो स्टॉप'वर येतो आणि इंजिन गप्प. ब्रेक सोडला की हलका हिसका बसतो आणि गाडी पुन्हा चालू. घेतानाच माहीत होतं, पण सवय काही होत नाहीये. पुढची गाडी वीतभर सरकली की आपणही सरकायचं, लगेच थांबायचं, की हे परत बंद. दोन मिनिटांत चार वेळा. वर एसी कोमट होतो ते वेगळंच.

मी गाडीत बसलो की आधी ते बटण दाबून प्रकार बंद करतो. घरातली इतर मंडळी म्हणतात, कंपनीने काहीतरी विचार करूनच दिलं असेल ना, राहू दे चालू. विक्रेत्याला विचारलं तर "सर, भरपूर अ‍ॅव्हरेज वाढतं" एवढंच. भरपूर म्हणजे किती, ते त्यालाही ठाऊक नाही.

तर प्रश्न असा: इंधन वाचतं का, वाचत असेल तर किती? आणि दिवसभर असं चालू-बंद करून स्टार्टर नि इंजिनाची वाट लागत नाही का?

खडखडाट
आलाच का हा धागा! बसतो आता निवांत.

जुनी_खोड
आम्ही तीस वर्षांपूर्वीही सिग्नलला किल्ली फिरवून इंजिन बंद करत होतो. तेव्हा लोक कंजूस म्हणायचे. आता तेच काम संगणक करतो तर 'तंत्रज्ञान' म्हणतात.

आकडेमोड
पहिला_गिअर, "किती" याचं उत्तर तुम्ही उभे किती वेळ राहता यावर आहे. बाकी सगळं नंतर.

दीड लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर नुसतं उभं राहून तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पितं. एसी लावला की आणखी. आता तुम्ही रोज सिग्नल आणि कोंडीत मिळून २० मिनिटं उभे राहता असं धरू. ०.७ लिटरच्या हिशेबाने दिवसाला पाव लिटरहून थोडं कमी. महिन्याचे २५ दिवस धरले तर सहाएक लिटर, वर्षाला ७० च्या घरात.

पण हा कागदावरचा आकडा. यंत्रणा प्रत्येक वेळी इंजिन बंद करत नाही, शिवाय बंद काळात बॅटरीने खर्च केलेली वीज पुढे इंजिनालाच भरून द्यावी लागते. म्हणून मी सरळ निम्मं धरतो. तरी ३०-३५ लिटर उरतात. आणि तुमचा रस्ता मोकळा हायवे असेल तर उत्तर शून्य. त्यात वाद नाही.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१४ च्या सुमारास चाचण्या घेतल्या, त्यात ५ ते ७ टक्के फरक आला होता. विक्रेत्याचं 'भरपूर' म्हणजे फार तर एवढं.

मंदगती
+१. आणि चालू करायला जास्त पेट्रोल लागतं हा समज आता सोडा लोकहो. कार्बोरेटरच्या जमान्यात चोक ओढून, रेस देऊन गाडी चालू करायचो, तेव्हाचा आहे तो. अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीने मोजलं आहे: गरम इंजिन १० सेकंदांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर बंद करून परत चालू करणं स्वस्त पडतं.

पहिला_गिअर
@मंदगती, म्हणजे १० सेकंदांच्या आत चालू झालं तर तोटा? माझ्या रस्त्यावरचे निम्मे थांबे त्यातलेच असतील.

मंदगती
तोटा म्हणण्याइतका नाही, पण फायदाही नाही. नुसती कटकट.

तेलकट_हात
गॅरेज चालवतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

साध्या गाडीचा स्टार्टर साधारण ३० ते ५० हजार वेळा सेल मारण्याच्या हिशेबाने बनवतात. स्टॉप-स्टार्टवाल्या, म्हणजे अशा आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत तो बसवतच नाहीत. तिथला स्टार्टर दोन-तीन लाख वेळांसाठी असतो: ब्रश वेगळे, बेअरिंग वेगळं, दात्यांची जोडणी वेगळी. काहींमध्ये दोन सोलेनॉइड (दाता पुढे ढकलणारे विजेचे चुंबक) असतात, कारण इंजिन बंद होता होता, फिरतं असतानाच ड्रायव्हरचा विचार बदलला तर फिरत्या फ्लायव्हीलमध्ये दाता अडकवता आला पाहिजे. साध्या स्टार्टरने तो उद्योग केला तर दाते खरवडून निघतील. माझ्याकडे स्टॉप-स्टार्टमुळे स्टार्टर गेला म्हणून आलेल्या गाड्या जवळजवळ नाहीत.

इंजिनाचं म्हणाल तर झीज जास्त होते ती थंड इंजिन सकाळी चालू करताना. रात्रभरात तेल निथळून खाली गेलेलं असतं. सिग्नलला मिनिटभर बंद राहिलेल्या गरम इंजिनात बेअरिंगवर तेल असतंच. तरीही क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा थांबला की तेलाचा दाब जातो आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांना धातू धातूच्या जवळ येतो, हे खरं. म्हणून या इंजिनांत मेन बेअरिंगच्या शेलवर पॉलिमरचा थर देतात. पण त्यावर विसंबून वाट्टेल ते ऑइल घालू नका. पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल आणि वेळेवर.

खरी भानगड बॅटरीची आहे. संध्याकाळी लिहितो, लिफ्टवर गाडी आहे.

चौथा_गिअर
तेलकट_हात, पण टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं काय? लांबून पळवत आणलेली गाडी टोलनाक्यावर थांबली आणि इंजिन बंद झालं, तर लालबुंद टर्बोमधलं तेल जळणार नाही का? आम्हाला तर शिकवलं होतं की बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवा.

आकडेमोड
@चौथा_गिअर, बऱ्याच गाड्यांत टर्बोसाठी विजेवर चालणारा वेगळा कूलंट पंप असतो, तो इंजिन बंद असतानाही फिरतो. आणि तापमान हद्दीबाहेर असेल तर यंत्रणा इंजिन बंद करायलाच नकार देते. तिच्या नकाराची यादी मोठी आहे: इंजिन अजून गरम नाही, बॅटरी पुरेशी भरलेली नाही, बाहेर फार ऊन किंवा फार थंडी, काचेवरची वाफ घालवायचा झोत चालू, स्टिअरिंग जास्त वळलेलं, चढ तीव्र, सीटबेल्ट काढलेला, ब्रेकच्या बूस्टरमधला व्हॅक्यूम कमी, डिझेल असेल तर फिल्टरची सफाई चालू. यातलं काहीही एक पुरतं.

खडखडाट
एवढी कारणं तर आमच्या ऑफिसात रजा नाकारायलाही नसतात.

जुनी_खोड
😂 हसून हसून पुरेवाट

संशयात्मा
सगळे छान छान लिहिताय, म्हणून जरा विरोधी सूर. ही सोय ग्राहकासाठी नाहीच, चाचणीसाठी आहे.

युरोपात २०१७ पर्यंत नव्या गाड्यांच्या इंधनवापराची चाचणी एनईडीसी या चक्रावर व्हायची. ११८० सेकंदांचं चक्र, त्यातली सुमारे २८० सेकंद गाडी नुसती उभी. जवळपास चौथा हिस्सा! उभं असताना इंजिन बंद केलं की कागदावरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा फुकटात घसरतो. त्यात २०१५ साठी सरासरी १३० ग्रॅम प्रति किलोमीटरची मर्यादा, पुढे ९५ ग्रॅम. दंड चुकवायचा तर हा सगळ्यात स्वस्त उपाय. म्हणून त्या काही वर्षांत सगळ्यांनाच एकदम पर्यावरणाचा पुळका आला. पुढे आलेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत उभं राहण्याचा वाटा साधारण १३ टक्क्यांवर आला आणि कागदावरचा फायदाही उतरला.

प्रत्येक वेळी गाडी चालू केल्यावर हे आपोआप 'ऑन' का होतं याचाही विचार करा. बहुतेक गाड्यांत बटण मागचं लक्षात ठेवत नाही. कारण चाचणी ज्या अवस्थेत झाली, तीच गाडीची मूळ अवस्था धरतात. अमेरिकेत तर यासाठी कंपन्यांना वेगळे गुण मिळायचे. २०२५ साली तिथल्या पर्यावरण संस्थेच्या प्रमुखांनीच "सगळ्यांना हे नकोसं वाटतं" असं जाहीर बोलून टाकलं.

आकडेमोड
@संशयात्मा, हेतू चाचणीचा होता हे मान्य. पण म्हणून पेट्रोल वाचत नाही असं कुठे होतं? माझा वरचा हिशेब चाचणीतला नाही, सिग्नलवरचा आहे. एनईडीसीत गाडी चौथा हिस्सा उभी होती. ऐन गर्दीच्या वेळी भर शहरात तुमची गाडी त्याहून जास्त उभी असते.

संशयात्मा
आणि त्या ३०-३५ लिटरच्या बदल्यात बॅटरी किती महाग पडते, तेही लिहा की हिशेबात.

आकडेमोड
ते तेलकट_हात लिहिणार आहेत. त्यांच्या पोटावर पाय कशाला देऊ?

घाटवळण
थोडं विषयांतर. ही कल्पना नवी मुळीच नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर टोयोटाने क्राउन गाडीवर हे करून पाहिलं होतं. गाडी थांबल्यावर दीड सेकंदात इंजिन बंद. ऐंशीच्या दशकात फियाटच्या रेगाटामध्ये आलं. माझी आवडती मात्र फोक्सवॅगनची गोल्फ इकोमॅटिक, १९९४ च्या सुमाराची. डिझेल, आणि सिग्नलला सोडाच, चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन बंद! पाय दिला की चालू. लोक बिचकले असणार, फारशी खपली नाही. आता ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड गाड्या उतारावर हेच करतात तेव्हा कोणी बिचकत नाही.

माझदाची आय-स्टॉप ही स्टॉप-स्टार्ट यंत्रणा तर डोक्याला खाद्य आहे. इंजिन बंद करताना पिस्टन नेमक्या मोक्याच्या जागी थांबवायचे आणि चालू करताना सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारून तिथेच ठिणगी द्यायची. स्टार्टर नुसता हातभार लावायला. ०.३५ सेकंदात इंजिन चालू.

चौथा_गिअर
विषयांतर कसलं, हेच वाचायला येतो इथे. वाचनखूण साठवली.

तुटका_क्लच
मॅन्युअलवाल्यांचं दुःख कोणाला नाही. आमच्याकडे तर सगळं आपल्याच पायात आहे. न्यूट्रल करून क्लच सोडला तरच बंद. थोडा वेळ थांबायचं असेल तर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहा, इंजिन चालू राहतं.

तेलकट_हात
@तुटका_क्लच, आणि क्लच दाबून ठेवून झिजलेलं रिलीज बेअरिंग बदलायला माझ्याकडे या. नाव भारी निवडलंय.

तुटका_क्लच
😄 नाव उगाच नाही घेतलं.

तेलकट_हात
आता बॅटरी. थोडं लांबेल.

या गाड्यांत साधी बॅटरी नसते. एक तर ईएफबी, म्हणजे नेहमीचीच पण ताकद वाढवलेली, नाहीतर एजीएम. एजीएममध्ये आम्ल काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं असतं, हलवली तरी आत पाणी हिंदकळत नाही. फरक का लागतो? साधी बॅटरी एक जोरदार झटका देऊन लगेच भरून घ्यायची सवय असलेली. इथे मात्र इंजिन बंद असताना दिवे, पंखा, गाणी, स्क्रीन सगळं तिच्यावर, मग परत सेल, मग घाईघाईत चार्जिंग, की पुढचा सिग्नल. असं दिवसभर अर्धवट भरलेलं राहणं साध्या बॅटरीला सोसत नाही.

गेल्याच महिन्यात एक गाडी आली. तक्रार: "स्टॉप-स्टार्ट बंद पडलंय, एरवी गाडी ठणठणीत." बॉनेट उघडलं तर आत साधी बॅटरी. कुठेतरी स्वस्तात बदलून घेतलेली. मापाने अगदी फिट्ट, कोणाला संशय येणार नाही. सहा-आठ महिन्यांत तिची ताकद एवढी उतरली होती की यंत्रणा इंजिन बंद करायलाच तयार नव्हती. बरोबरच आहे, बंद केलं आणि परत चालू झालं नाही तर?

निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवर एक छोटा काळा डबा दिसेल, बारीक वायर लावलेला. तो सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला, किती आला, व्होल्टेज, तापमान, सगळं मोजतो. दोन गोष्टी त्यावरून. काही गाड्यांत नवी बॅटरी टाकल्यावर तसं गाडीच्या संगणकाला कळवावं लागतं, नाहीतर तो जुन्या म्हातारीच्या हिशेबानेच चार्ज करत बसतो. आणि दुसऱ्या गाडीवरून जम्प देताना काळी केबल निगेटिव्ह टर्मिनलला लावू नका. चासीवर किंवा इंजिनावर अर्थिंगची जागा दिलेली असते, तिथे लावा. टर्मिनलला लावली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि हिशेब चुकतो.

संशयात्मा, तुमचा मुद्दा बिनबुडाचा नाही. एजीएम साधीपेक्षा बरीच महाग, वाचवलेल्या पेट्रोलमधला मोठा घास तीच खाते. पण एक लक्षात घ्या: बटण दाबून हा प्रकार कायम बंद ठेवलात तरी बदलताना बॅटरी त्याच जातीची घालावी लागते, कारण गाडीचं चार्जिंगच तसं आखलेलं असतं. म्हणजे बॅटरीचा खर्च दोन्हीकडे सारखा.

संशयात्मा
हा शेवटचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. म्हणजे गाडी घेतली तेव्हाच आपण फसलो, आता निदान पेट्रोल तरी वाचवा, असंच ना?

तेलकट_हात
'फसलो' तुमचा शब्द. बाकी हो.

मंदगती
हायब्रिडमध्ये तर इंजिन दिवसभर चालू-बंद होतं आणि टॅक्सीवाले त्याच गाड्या लाखो किलोमीटर पळवतात. प्रियस १९९७ पासून रस्त्यावर आहे. झिजायचं असतं तर कळलं असतं एव्हाना.

घाटवळण
@मंदगती, ते उदाहरण इथे नका लावू. प्रियसमध्ये १२ व्होल्टचा स्टार्टर नाहीच. मोठी मोटर इंजिनाला आधी चांगलं हजारभर आरपीएमपर्यंत फिरवते, मग इंधन सुरू होतं. म्हणून तिथे हिसकाही नाही. नंतरच्या प्रियसमध्ये एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर, म्हणून एसी कोमट होत नाही. साध्या स्टॉप-स्टार्टमध्ये कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर असतो. इंजिन थांबलं की गारवा निर्माण होणं थांबलं, फक्त पंखा फिरतो. आतलं तापमान वाढलं की गाडी आपणहून इंजिन चालू करते, पण तोवर घाम फुटलेला असतो.

हिशाचंही सांगून टाकतो, पहिला_गिअरला त्याचाच त्रास आहे. ऑटोमॅटिकमध्ये हिसका नुसता इंजिनाचा नसतो. गिअरबॉक्सच्या आतले क्लच तेलाच्या दाबावर धरलेले असतात आणि तो दाब देणारा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद, दाब गायब. परत चालू झालं की दाब चढेपर्यंत गिअर पकडत नाही आणि पकडतो तेव्हा दणका. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आठ गिअरवाल्या बॉक्समध्ये यासाठी तेलाचा छोटा साठा स्प्रिंगवर दाबून ठेवतात आणि चालू होताच सोडतात. काही जण विजेवरचा जादा पंप देतात. तुमच्या गाडीत किती बारकाईने केलंय त्यावर हिसका किती ते ठरतं.

खडखडाट
'हिशाचंही' की 'हिसक्याचंही'? मी आधी पैशांचा हिस्सा समजलो.

घाटवळण
हिसक्याचं! कीबोर्डने हिसका दिला.

सावकाश_सुखरूप
एक धोक्याची गोष्ट कोणी लिहिली नाही. किल्लीऐवजी बटणावर चालू होणारी गाडी असेल तर इंजिन शांत म्हणजे गाडी बंद, असं समजून उतरू नका. माझ्या बहिणीने एकदा दारात थांबून, इंजिन शांत आहे बघून, तशीच बेल्ट काढून दार उघडलं. गाडी ओरडायला लागली म्हणून बरं. बहुतेक गाड्यांत दार उघडलं किंवा बेल्ट काढला की आपोआप चालू होणं रद्द होतं, पण कुठली गाडी नेमकं काय करते ते पुस्तकात वाचून ठेवा. आणि बॉनेट उघडायच्या आधी गाडी पूर्ण बंद करा, 'ऑटो स्टॉप'वर भरवसा नको.

तेलकट_हात
शंभर टक्के. बॉनेटला स्विच असतो, पण स्विच बिघडतो. माझ्याकडे नियमच आहे, किल्ली माझ्या खिशात आल्याशिवाय पोरगा पट्ट्याजवळ हात नेणार नाही.

तुटका_क्लच
स्कूटरवर यापेक्षा छान चालतं बरं का. होंडाच्या पीसीएक्ससारख्या स्कूटरमध्ये वेगळा स्टार्टरच नाही, जनरेटरच उलटा मोटर म्हणून इंजिन फिरवतो. ना दाते, ना खर्रर्र आवाज. मूठ पिळली की निघाली.

आकडेमोड
आता मूळ प्रश्नाकडे. पहिला_गिअर, तुम्ही कायम बंद ठेवता, घरचे म्हणतात कायम चालू ठेव. दोन्ही नको. यंत्रणेला सिग्नल किती सेकंदांचा आहे ते दिसत नाही, तुम्हाला दिसतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक किती दाबला यावर बंद व्हायचं की नाही ते ठरतं. गाडी जेमतेम धरून राहील इतकाच ब्रेक ठेवला तर इंजिन चालू राहतं. लांबचा लाल दिवा असेल तर वरून आणखी थोडा दाब द्या, बंद होतं. कोंडीत सरपटताना हलका पाय, मोठ्या सिग्नलला जोरात. एक-दोन दिवसांत पायाला कळतं. सगळ्याच गाड्यांत जमत नाही, पण करून पाहायला काय जातं?

जुनी_खोड
म्हणजे शेवटी निर्णय ड्रायव्हरचाच! मी आधीच म्हणत होतो, किल्ली बरी.

आकडेमोड
किल्ली नको हो काका. किल्लीने बंद केलंत की पॉवर स्टिअरिंग, ब्रेकचा बूस्टर आणि एअरबॅग सगळंच जातं. मागून कोणी ठोकलं तर?

पहिला_गिअर
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. हलक्या ब्रेकचं करून पाहिलं. रिकाम्या रस्त्यावर जमलं, सिग्नलला मात्र काहीही केलं तरी बंदच होतं. माझ्या गाडीत नसेल का तसं?

घाटवळण
ऑटो होल्ड लावलंय का? ते चालू असेल तर गाडी थांबताच ब्रेक ती स्वतः धरते, तुमच्या पायाच्या दाबाला काही किंमत राहत नाही.

पहिला_गिअर
लावलंय! कायम लावलेलंच असतं. रिकाम्या रस्त्यावर कोणीतरी बंद केलं असावं. उद्या काढून बघतो.

चौथा_गिअर
बघा आणि लिहा. माझ्या गाडीत ऑटो होल्ड काढूनही चढावर होत नाही, समतल रस्त्यावरच जमतं.

पहिला_गिअर
काढलं, जमलं. सरपटताना आता बंद होत नाही, मोठ्या सिग्नलला दाबून बंद करतो. बटणाला हात लावत नाही. फक्त ऑटो होल्ड का काढलं म्हणून घरात नवा वाद सुरू झालाय.

खडखडाट
त्यासाठी वेगळा धागा काढा.